वाचकांचे प्रश्न : मिडीचे स्वर मॉड्यूलरमध्ये कोणत्या वाटेने न्यावेत?

गेल्या अंकात मॉड्यूलर सिंथेसायझरची, म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या वाद्याची, ओळख करून दिल्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये आवाज कसा घडवावा याविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. बहुतेकांची अडचण त्याच्या आधीची आहे. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची डिजिटल भाषा, बोलणाऱ्या कीबोर्डवरची पट्टी दाबल्यावर तो स्वर हव्या त्या ऑसिलेटरपर्यंत, म्हणजे मूळ ध्वनी निर्माण करणाऱ्या मॉड्यूलपर्यंत, पोहोचत नाही, नको त्या ठिकाणी पोहोचतो किंवा पोहोचल्यावर थांबत नाही. त्यांतली सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांपैकी निम्म्यांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी पेटीवादक असून माझी पट्टी काळी एक आहे. मुलाने त्याच्या युरोरॅक (मॉड्यूलरचा एक प्रचलित आकार) पेटाऱ्याला ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड जोडून दिला आहे. डाव्या हाताने षड्ज-पंचमाचा आधार धरावा आणि उजव्या हाताने गत वाजवावी, एवढीच माझी इच्छा आहे. मिडीचे व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरवर, स्वराची उंची सांगणारे व्होल्टेज आणि स्वर चालू-बंद करणारा गेट, यांच्या दोन जोड्या आहेत. परंतु उजव्या हाताने पट्टी दाबली की आधाराचा स्वरही तिच्यामागे धावतो. काय चुकत असावे? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपला डावा हात इतकी वर्षे भात्यात अडकलेला होता, तो आता मोकळा झाला आहे, तेव्हा त्याला काम मिळालेच पाहिजे. चूक आपल्या वाजवण्यात नाही. दोन्ही हातांचे संदेश एकाच पत्त्यावर जात आहेत, एवढेच घडते आहे.

पट्टी दाबली की कीबोर्ड तीन बाइटांचा एक संदेश पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये ‘स्वर सुरू’ ही सूचना आणि १६ पैकी एक चॅनेल असतो, दुसऱ्यामध्ये ० ते १२७ यांपैकी एक स्वरक्रमांक असतो, आणि तिसऱ्यामध्ये पट्टी किती जोराने दाबली त्याचा आकडा असतो. १९८३ साली ठरलेल्या या भाषेत व्होल्टचा उल्लेख कोठेही नाही. मॉड्यूलरला मात्र व्होल्टच कळतात : रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांपासून रूढ झालेल्या संकेतानुसार एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. कन्व्हर्टर क्रमांकाचे व्होल्टमध्ये रूपांतर करतो आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत गेटच्या तारेवर व्होल्टेज उभे ठेवतो. हे रूपांतर झाले की तारेत उरते ती फक्त उंची. तो स्वर कोणत्या चॅनेलवरून आला आणि कोणत्या हाताने वाजवला, ही माहिती तेथेच पुसली जाते. म्हणून स्वरांची वाटणी ते क्रमांक असतानाच करावी. व्होल्ट झाल्यावर तुलना करणारी मॉड्यूल लावून दोन हात वेगळे करण्याचे प्रयत्न मी स्वतः केले आहेत आणि ते सगळे उजव्या हाताच्या एका द्रुत तानेत कोलमडले आहेत.

आपला कीबोर्ड बहुधा सर्व पट्ट्या चॅनेल १ वर पाठवतो आणि कन्व्हर्टरच्या दोन्ही जोड्या चॅनेल १ च ऐकतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये झोन किंवा स्प्लिट, म्हणजे पट्ट्यांचे भाग वेगवेगळ्या चॅनेलांवर पाठवण्याची, सोय आहे का ते प्रथम पाहावे. ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड सर्वसाधारणपणे ३६ ते ८४ या क्रमांकांचा असतो. काळी एकचा मध्य षड्ज म्हणजे ६१, मंद्र षड्ज ४९. क्रमांक ५४ आणि त्याखालच्या पट्ट्या चॅनेल २ वर आणि ५५ पासून वरच्या चॅनेल १ वर ठेवाव्यात. असे केल्यास मंद्र तीव्र मध्यमापासून थेट तार सप्तकाच्या शुद्ध निषादापर्यंतचा टापू उजव्या हाताला मिळतो आणि डाव्या हाताकडे मंद्र षड्ज सुरक्षित राहतो. त्यानंतर कन्व्हर्टरची पहिली जोडी चॅनेल १ ला आणि दुसरी चॅनेल २ ला बांधावी. कीबोर्डमध्ये झोनची सोय नसेल, तर मध्ये संगणक किंवा मिडी संदेश गाळणारी एखादी छोटी पेटी ठेवून तेच करता येते.

स्प्लिट ठरवताना स्वराच्या इंग्रजी नावावर न जाता क्रमांकावर जावे. क्रमांक ६० ला काही उत्पादक ‘सी ३’ म्हणतात तर काही ‘सी ४’. त्यामुळे नावावर विसंबणाऱ्याचा स्प्लिट नेमका एक सप्तक चुकतो.

पंचमाचे काय, हा प्रश्न राहतो, कारण एका जोडीतून एका वेळी एकच स्वर निघतो. त्यासाठी तिसरी जोडी विकत घेऊ नये. दुसऱ्या जोडीचे व्होल्टेज मल्टिपलमधून (एकच व्होल्टेज अनेक ठिकाणी वाटणाऱ्या मॉड्यूलमधून) दोन ऑसिलेटरांना द्यावे आणि त्यांतला दुसरा ऑसिलेटर तानपुरा जुळवतो तसा कानाने पंचमात जुळवावा. डाव्या हाताने एकच पट्टी धरली तरी षड्ज-पंचम दोन्ही वाजतील, आणि हा पंचम कीबोर्डच्या समविभाजित पंचमापेक्षा सुमारे दोन सेंटांनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा, म्हणजे खराखुरा ३:२ असेल. मारवा किंवा मालकंस वाजवताना तो ऑसिलेटर निषादावर किंवा मध्यमावर आणणे हे आपल्याला मी सांगायला नको.

एक बारीक अडचण येऊ शकते. बरेच कन्व्हर्टर शून्य व्होल्टच्या खाली जात नाहीत आणि कोणत्या स्वराला शून्य मानायचे ते प्रत्येकाचे वेगळे असते. आपल्या कन्व्हर्टरचे शून्य ६० वर असेल तर मंद्र सप्तक मुके राहील किंवा त्यातल्या सगळ्या पट्ट्या एकाच स्वरात वाजतील. अशा वेळी शून्याचा क्रमांक ३६ किंवा २४ वर नेऊन ऑसिलेटर त्या प्रमाणात पुन्हा जुळवावेत.

प्रश्न : पट्टी सोडल्यावरही कधीकधी स्वर वाजतच राहतो आणि शेवटी वीजपुरवठा बंद करावा लागतो. कन्व्हर्टर सदोष असेल का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : दोष ठरवण्याआधी एक साधी परीक्षा करावी. स्वर अडकला असताना गेटची पॅच केबल (मॉड्यूल एकमेकांना जोडणारी तार) उपटावी. आवाज थांबला तर दोष मिडीच्या बाजूला आहे; नाही थांबला तर एन्व्हलप (स्वराचा उठाव आणि विराम घडवणारे मॉड्यूल) किंवा व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारे मॉड्यूल) उघडा राहिला आहे, आणि व्हीसीएवरची ऑफसेटची, म्हणजे तो कायम थोडा उघडा ठेवणारी, कळ वर चढलेली सापडण्याची शक्यता दाट आहे.

मिडीच्या बाजूला असेल तर असे समजावे की ‘स्वर सुरू’ पोहोचला आणि त्याच क्रमांकाचा, त्याच चॅनेलवरचा ‘स्वर बंद’ पोहोचला नाही. हे दोन स्वतंत्र संदेश आहेत आणि त्यांना एकत्र बांधणारे दुसरे काहीही नाही. पट्टी दाबलेली असताना कीबोर्डचा चॅनेल, स्प्लिट किंवा ट्रान्सपोज (सर्व स्वर वर-खाली सरकवण्याची सोय) बदलला, तर दाबतानाचा संदेश एका पत्त्यावर जातो आणि सोडतानाचा दुसऱ्या. चांगली यंत्रे प्रत्येक दाबलेल्या स्वराचा मूळ पत्ता लक्षात ठेवून ‘बंद’ तेथेच पाठवतात. स्वस्त यंत्रे आणि घाईत लिहिलेले प्रोग्राम तसे करत नाहीत.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. अनेक कीबोर्ड ‘स्वर बंद’ हा स्वतंत्र संदेश पाठवतच नाहीत. ते शून्य जोराचा ‘स्वर सुरू’ पाठवतात, आणि मिडीच्या नियमानुसार त्याचा अर्थ ‘बंद’ असाच आहे. हलक्या स्पर्शाचे स्वर गाळण्यासाठी आपण वाटेत एखादा फिल्टर लावला असेल, तर तो शून्य जोराचा हा संदेशही इमानेइतबारे गाळतो.

कोथरूडमधल्या एका घरगुती बैठकीत मी स्वतः, आधाराची पट्टी दाबलेली असताना, पायाच्या बटणाने चॅनेल बदलला होता. पुढची वीस मिनिटे षड्ज हटला नाही. श्रोत्यांना तो हेतुपुरस्सर वाटला, आणि मीही तसेच वाटू दिले. तेव्हापासून कंट्रोल क्रमांक १२३, म्हणजे ‘सर्व स्वर बंद’, हा संदेश पाठवणारे एक बटण हाताशी ठेवतो. वीजपुरवठा बंद करण्यापेक्षा तो उपाय बरा. मात्र आपला कन्व्हर्टर तो संदेश मानतो का हे एकदा तपासून ठेवावे.

प्रश्न : लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक हा आभासी मॉड्यूलरचा प्रोग्राम वापरून मॉड्यूलर शिकते आहे. तीन पट्ट्या एकत्र दाबल्या तरी एकच स्वर वाजतो. खऱ्या मॉड्यूलरमध्येही असेच होते का? — एक विद्यार्थिनी, विमाननगर

उत्तर : होय, आणि खऱ्या मॉड्यूलरमध्ये ते अधिक महागात पडते. रॅकमधल्या मिडी ते सीव्ही (व्होल्टेज) मॉड्यूलवर उजवी क्लिक करून पॉलिफनी, म्हणजे एका वेळी अनेक स्वर, यासाठीच्या चॅनेलांची संख्या वाढवावी. एकाच केबलमधून १६ पर्यंत स्वतंत्र व्होल्टेज वाहू लागतात आणि पुढची बहुपदरी मॉड्यूल तितके आवाज आपोआप तयार करतात. येथे वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या नियमाला थोडा अपवाद होतो, कारण या केबलमध्ये प्रत्येक स्वर वेगळा राहतो आणि तो नंतरही निवडता येतो. प्रत्यक्षातल्या तांब्याच्या तारेत ही चैन नाही. चार स्वरांसाठी चार ऑसिलेटर, चार एन्व्हलप, चार व्हीसीए आणि चार जोड्या देणारा कन्व्हर्टर लागतो.

अनेक आवाज असले की पुढचा स्वर कोणाकडे द्यायचा याचाही निर्णय करावा लागतो. रॅकमध्ये त्यासाठी निरनिराळे पर्याय आहेत. फिरत्या पद्धतीत प्रत्येक नवा स्वर पुढच्या आवाजाकडे जातो, त्यामुळे आधीच्या स्वराची लांब रेंगाळणारी आस तुटत नाही. स्वरमंडळासारखा परिणाम हवा असेल तर ही पद्धत निवडावी. दुसऱ्या एका पद्धतीत तोच स्वर पुन्हा वाजवला की तो आधीच्याच आवाजाकडे जातो.

तरीही आपण एकस्वरी मार्ग टाकून देऊ नये असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. एकस्वरी कन्व्हर्टरमध्ये शेवटच्या, सर्वांत खालच्या किंवा सर्वांत वरच्या पट्टीला प्राधान्य देता येते. ‘शेवटची पट्टी’ हे प्राधान्य ठेवून षड्ज दाबून ठेवावा आणि दुसऱ्या बोटाने रिषभाला नुसता स्पर्श करून सोडावा. यंत्र रिषभावर जाऊन स्वतःहून षड्जावर परतते. त्याच वेळी गेट पुन्हा सुरू होऊ दिला नाही, म्हणजे रिट्रिगर बंद ठेवला, तर स्वर तुटत नाही आणि मुरकी मिळते. रिट्रिगर चालू केला की तीच हालचाल प्रत्येक स्वरावर आघात करते. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या व्यक्तीला या एका कळीत तीन स्वरांच्या कॉर्डपेक्षा पुष्कळ अधिक सापडेल.

प्रश्न : कीबोर्ड आणि कन्व्हर्टर दोन्हींना यूएसबी आहे, पण दोन्ही एकमेकांना जोडले तरी काहीच होत नाही. मिडीचा छोटा जॅकही वापरून पाहिला, तोही बंद. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : यूएसबीमध्ये एक बाजू यजमान असावी लागते. संगणक यजमान असतो. कीबोर्ड आणि बहुतेक कन्व्हर्टर पाहुणे असतात, आणि दोन पाहुणे एकमेकांसमोर नुसते बसून राहतात. कन्व्हर्टरवर यूएसबी होस्ट असे लिहिलेले वेगळे भोक नसेल तर मध्ये संगणक किंवा होस्टची स्वतंत्र पेटी लागेल.

छोट्या ३.५ मिलिमीटर जॅकचे दोन प्रकार बाजारात आहेत, ए आणि बी. पाच पिनांच्या जुन्या मिडी जोडणीतल्या चौथ्या आणि पाचव्या पिनेच्या जागा या दोहोंत अदलाबदल झालेल्या असतात. २०१८ मध्ये ए हा प्रकार प्रमाण ठरला, परंतु त्याआधीची यंत्रे वापरात आहेतच. आपल्या दोन यंत्रांचे प्रकार वेगळे असतील तर यंत्र बिघडत नाही, फक्त गप्प राहते. पुण्यात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळणाऱ्या तपकीर गल्लीत पाच पिनांची सॉकेट आणि स्टिरिओ जॅक घेऊन अशी अदलाबदल करणारी तार घरी जोडता येते. युरोरॅकची नेहमीची पॅच केबल मात्र येथे चालणार नाही. ती मोनो असते, दिसायला तेवढी सारखी.

दोन कीबोर्ड एका कन्व्हर्टरला वाय आकाराच्या तारेने जोडण्याचाही मोह होतो. एकाचे संदेश अनेकांना वाटायला थ्रू (आलेले संदेश जसेच्या तसे पुढे देणारी जोडणी) पुरतो, पण अनेकांचे एकत्र करायला मर्जर लागतो, कारण दोन संदेशांचे बाइट एकमेकांत मिसळले तर वाचणाऱ्याला त्यांतून काहीच अर्थ लागत नाही.

प्रश्न : कीबोर्डवरून मॉड्यूलरमध्ये मींड आणि श्रुतींचे गांधार आणता येतील का? की हा प्रकार पेटीइतकाच बेसूर राहणार? — गायनाचे एक शिक्षक, औंध

उत्तर : पेटीवरचा आपला राग येथे थोडा आवरता घ्यावा, कारण मॉड्यूलरच्या ऑसिलेटरला बारा स्वरांचे बंधन मुळीच नाही. त्याला येणारे व्होल्टेज कोणतेही असू शकते. बंधन वाटेत पडते, आणि ते कोठे पडते हे पाहिले पाहिजे.

समविभाजित शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. ५:४ या गुणोत्तराचा गांधार ३८६ सेंटांवर. हा १४ सेंटांचा फरक व्होल्टमध्ये जेमतेम साडेअकरा मिलिव्होल्ट होतो. कोमल गांधार ६:५ मानला तर तो ३१६ सेंटांवर, म्हणजे कीबोर्डच्या स्वरापेक्षा १६ सेंट चढा असतो. प्रत्यक्ष रागात गायक तो कोठे लावतो हे आपणच जास्त जाणता. काही कन्व्हर्टरांत आणि संगणकावरच्या प्रणालींत प्रत्येक स्वरक्रमांकाला स्वतंत्र उंची देता येते. तशी सोय असेल तर काम तेथेच संपते. नंतर वाटेत क्वांटायझर मॉड्यूल मात्र येऊ देऊ नये. ते साडेअकरा मिलिव्होल्ट म्हणजे चूक समजते आणि गांधार परत बारा घरांतल्या एका घरात कोंबते.

मींडेसाठी दोन मार्ग आहेत. पहिला स्लू लिमिटरचा : उंचीचे व्होल्टेज त्यातून नेले की एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता ते घसरत जाते. हा मार्ग सोपा आहे, पण प्रत्येक स्वराला सारखेच तूप लावतो आणि तासाभरात कंटाळा आणतो. दुसरा मार्ग पिच बेंडचा. या संदेशाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि मध्य ८१९२ वर असतो, त्यामुळे दोन अर्धस्वरांच्या पल्ल्यात ठेवला तर तो अत्यंत मुलायम असतो. कीबोर्डवरचे चाक किंवा पट्टी बोटाने फिरवून मींड आपल्या मर्जीने घेता येते. कन्व्हर्टरवरचा पल्ला आपल्या सवयीप्रमाणे दोन, पाच किंवा बारा अर्धस्वरांचा ठेवावा.

येथे कन्व्हर्टरची प्रत आडवी येते. दहा व्होल्टांचा पल्ला १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांत, कापला तर एक पायरी सुमारे अडीच मिलिव्होल्टची, म्हणजे तीन सेंटांची होते आणि संथ मींडेत जिना ऐकू येतो. १६ बिटांत ती पायरी कानाच्या आवाक्याबाहेर जाते. आपल्यासारख्या कानासाठी पैसे येथे खर्च करावेत, दिव्यांच्या रोषणाईवर नाही.

पिच बेंड चॅनेलमधल्या सर्व स्वरांना एकदम लागू होतो. आधाराचा षड्ज त्याच चॅनेलवर असेल तर मींडेबरोबर तोही वर सरकेल. सदाशिव पेठेतल्या वाचकांना सांगितलेली दोन चॅनेलांची वाटणी आपल्याला याच कारणासाठी लागेल. प्रत्येक बोटाला स्वतंत्र मींड हवी असेल तर प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनेल देणारी एमपीई ही पद्धत आहे, पण तिच्यासाठी कीबोर्ड आणि कन्व्हर्टर दोन्ही त्या जातीचे हवेत.

प्रश्न : संगणकावर लिहिलेला ठेका मॉड्यूलरच्या ड्रम मॉड्यूलांना पाठवतो. सर्व घाव एकाच मात्रेवर असताना ते किंचित मागेपुढे पडतात. — एक वाचक, रास्ता पेठ

उत्तर : पाच पिनांच्या मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे एक स्वर पोहोचायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. दहा घाव एकत्र लिहिले तरी ते तारेत एकामागून एकच जातात आणि शेवटचा साडेनऊ मिलिसेकंदांनी पोहोचतो. तबला ऐकणाऱ्या कानाला ते खुपते.

प्रथम, प्रत्येक घावासाठी उंचीची आणि गेटची जोडी खर्च करू नये. स्वरक्रमांकावरून थेट गेट देणारा कन्व्हर्टर वापरावा. ३६ ला एक भोक, ३८ ला दुसरे, असे. त्यानंतर संगणकाच्या यादीत जो घाव वेळेवर पडलाच पाहिजे, म्हणजे समेचा, तो सर्वांत वर ठेवावा; बऱ्याच प्रणाली त्याच क्रमाने संदेश पाठवतात. ठेक्याबरोबर सूर आणि कंट्रोलचे संदेशही त्याच तारेतून जात असतील तर त्यांना दुसऱ्या पोर्टवर हलवावे. शेवटी स्वराची लांबी पाहावी. संगणकात अगदी आखूड स्वर लिहिले असतील तर गेट उघडून लगेच मिटतो आणि काही ड्रम मॉड्यूल तो घाव पाहतच नाहीत. लांबी दहा-पंधरा मिलिसेकंदांवर नेली की गळालेले घाव परत येतात.